घाटातला दगड आणि चंद्रावरचा दगड

चंद्रावरून आणलेली माती, आकाशातून पडलेली उल्का, लघुग्रहावरून उचललेले कण यांची परीक्षा करणाऱ्या संस्था आज जगात ठिकठिकाणी आहेत. त्यांचे काम दुहेरी असते. एक, दगडाला प्रश्न विचारून ग्रहांचा जन्म कसा झाला हे शोधणे. आणि दुसरे, ते प्रश्न विचारण्याची विद्या तरुण पदवीधरांच्या हाती देणे. हा विषय कर्जत-खालापूरच्या श्रोत्यांपुढे आम्ही मांडणार म्हटल्यावर कोणी विचारील की, कामगार चळवळीतल्या माणसाने ही उठाठेव कशासाठी करावी? आमचे उत्तर सरळ आहे. दगड फोडणाऱ्याचा इतिहास आणि दगड वाचणाऱ्याचा इतिहास हा मुळात एकच इतिहास आहे. तो दोन निरनिराळ्या पुस्तकांत लिहिला गेला आणि ती पुस्तके निरनिराळ्या लोकांनी वाचली, इतकेच. ती दोन्ही एका बांधणीत घ्यावी, असा आमचा आजचा प्रयत्न आहे. आणि त्यातले पहिले प्रकरण आपल्याच दोन तालुक्यांच्या माथ्यावर, भोर घाटात घडलेले आहे.

१८५३ च्या १६ एप्रिलला मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. तीन वर्षांनी, १८५६ मध्ये, रूळ पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आले. वरच्या अंगाला पुण्यापासून खंडाळ्यापर्यंतचा मार्ग १८५८ मध्ये खुला झाला. मध्ये राहिला तो घाट. उतारू खोपोलीस उतरत, पालखीतून, तट्टावरून किंवा पायी डोंगर चढत आणि खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसत. हे तुटलेले टोक जोडण्यासाठी सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढणारा मार्ग कातळातून कोरावयाचा होता. त्यावर २५ बोगदे होते आणि काही ठिकाणी दर ३७ फुटांस १ फूट असा चढ होता. जेम्स बर्कले हे या कामाचे मुख्य अभियंता. त्यांचे नाव पुस्तकात आहे आणि ते असावे हे योग्यच आहे. पण १८६१ च्या जानेवारीत या घाटात एकाच वेळी ४२,००० माणसे राबत होती. डायनामाइट अजून जन्मास यावयाचे होते. त्याचा शोध १८६७ चा. तेव्हा पहारीने भोक पाडावे, त्यात साधी दारू ठासावी, बत्ती लावून पळावे आणि धूर ओसरला की पाटीने राबीट उपसावे, हीच रीत होती. कड्यावर उभे राहण्यास जागा नाही तेथे माणूस दोराने खाली सोडून भोके घेत. पावसाळ्यात काम थांबे. पटकी आणि ताप मात्र थांबत नसत. त्या आठ वर्षांत हजारो माणसे या डोंगरात कायमची राहिली.

१८५९ च्या जानेवारीत घाटात दंगल झाली. पोटकंत्राटदारांनी मजुरी थकविली होती. पैसे मागावयास गेलेल्या मजुरांची आणि गोऱ्या मुकादमांची मारामारी जुंपली आणि तीत एक युरोपियन प्राणास मुकला. सरकारी चौकशी झाली. त्याच वर्षी फॅविएल या मूळ कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत आजाराने वारला आणि पुढचे कंत्राट त्याची विधवा पत्नी ॲलिस हिने पुरे करून घेतले. १८६० मध्ये मालक व कामगार यांच्या तंट्यांविषयीचा कायदा आला. मजुरीचा तंटा मॅजिस्ट्रेटने तडकाफडकी तोडावा, अशी त्यात सोय होती. पण करार मोडणाऱ्या मजुरास तुरुंगात घालण्याचीही तरतूद त्याच कायद्यात होती. १८६३ च्या २१ एप्रिलला गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. इतके झाले पहिल्या पुस्तकातले.

दुसरे पुस्तक याच बोगद्यांतून निघते. कातळ फुटला तेव्हा त्याच्या पोटातल्या पोकळ्या उघड्या पडल्या आणि त्यांत पांढऱ्या, हिरवट, गुलाबी स्फटिकांचे घोस सापडले. विज्ञानात त्या वर्गाला झिओलाइट म्हणतात. त्याच्या जोडीला ॲपोफिलाइट नावाचे चकचकीत स्फटिकही असतात. कढत लाव्हा निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि पुढे झिरपत्या गरम पाण्याने त्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढविले. घाटातले नमुने परदेशच्या संग्रहालयांत गेले, काचेच्या कपाटांत बसले आणि त्यांच्या चिठ्ठीवर घाटाचे नाव लागले. ज्याच्या पहारीने ती पोकळी फोडली त्याचे नाव त्या चिठ्ठीवर नाही. आम्ही हे गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. पुढच्या साऱ्या इतिहासात चिठ्ठीवर कोणाचे नाव येते हा प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून येथेच नोंदवून ठेवतो.

आता हा दगड आहे तरी काय? आपण त्याला काळा कातळ म्हणतो, भूशास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमी ठिकठिकाणी दुभंगली आणि लाव्हा थरावर थर पसरत गेला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापलेला आहे. माथेरानच्या कड्याकडे नेरळहून पाहिले की त्याच्या पायऱ्या दिसतात. त्यातली प्रत्येक पायरी म्हणजे एकेका लाव्ह्याच्या लोटाचा थर. पण अडचण अशी की, दिसावयास सारे थर सारखे. सातारच्या डोंगरातला कोणता थर माथेरानच्या कोणत्या थराच्या वर की खाली, हे नुसत्या डोळ्याने ठरत नाही.

१९८० नंतरच्या काही वर्षांत हे कोडे सुटले, ते संशोधक विद्यार्थ्यांच्या पायपिटीने. मुंबईच्या आय. आय. टी. तील के. व्ही. सुब्बाराव, अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पीटर हूपर, त्यांच्याकडे पीएच. डी. करणारा जॉन बीन, आणि इंग्लंडातील काही मंडळी यांनी सह्याद्रीचे घाट खालपासून वरपर्यंत चढून थराथरातला दगड हातोडीने फोडून आणला आणि प्रयोगशाळेत त्यातल्या मूलद्रव्यांचे प्रमाण मोजले. दिसण्यात जुळे असलेले थर या मोजणीत वेगळे निघाले. एखाद्यात टायटॅनियम जास्त, तर दुसऱ्यात बेरियम. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात या थरसमूहांना गावांची आणि डोंगरांची नावे दिली गेली. त्यांत एक नाव ‘नेरळ’ आहे, एक ‘भीमाशंकर’ आणि एक ‘खंडाळा’. कर्जत तालुक्यातल्या नेरळचे नाव आज जगातल्या कोणत्याही विद्यापीठात दख्खनच्या लाव्ह्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला पाठ करावे लागते. नेरळला उतरून माथेरानची गाडी पकडणाऱ्यांपैकी कितीजणांना ही गोष्ट माहीत असेल?

हा आपला कातळ चंद्रापर्यंत कसा पोहोचतो ते आता पाहावयाचे. पौर्णिमेच्या चंद्रावर जे काळे डाग आपल्याला दिसतात, ज्यांत आपल्या आजीने सशाचे चित्र दाखविले, ते डाग म्हणजे बेसाल्टची मैदाने आहेत. चंद्राच्या खळग्यांत पुरातन काळी लाव्हा भरला आणि थिजला. म्हणून ज्याला चंद्राचा दगड समजून घ्यावयाचा त्याला बेसाल्ट आधी समजावा लागतो. महाराष्ट्राजवळ याचा आणखी एक पुरावा आहे, तो बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे, असे पुष्कळ काळ मानले जाई. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या शास्त्रज्ञांनी तेथे छिद्रे घेऊन खालचा दगड तपासला. त्यात आघाताने वितळलेली काच आणि प्रचंड दाबाने मोडलेले खनिजकण मिळाले. १९७३ मध्ये तो निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. आकाशातून आलेल्या पाषाणाने बेसाल्टवर धडक मारून केलेले इतके सुस्थितीतले विवर पृथ्वीवर विरळा. चंद्रावर मात्र अशी विवरे पावलोपावली आहेत. म्हणून चंद्राचा अभ्यास करणारा विद्यार्थी लोणारला येतो.

या विद्येचे आपल्या देशातले घर कसे उभे राहिले? त्याचाही एक धागा खोपोलीतून जातो. १९१५ मध्ये खोपोलीस टाटांचे जलविद्युतगृह सुरू झाले आणि वरच्या तलावांतले पाणी नळांतून खाली पडून मुंबईच्या गिरण्यांचे माग फिरवू लागले. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र निघाले. त्याच घराण्यातील सर दोराबजी टाटा यांच्या न्यासाने १९४५ मध्ये होमी भाभांच्या संकल्पास पैसा पुरविला आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. आरंभ बंगळूरला, आणि त्याच वर्षअखेर मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात. कुलाब्याच्या समुद्रकाठची आजची इमारत १९६२ ची. आमच्यासारख्याच्या मनात येते की, या संस्थेच्या पायात खोपोलीच्या पाण्याचा आणि गिरणगावच्या घामाचाही वाटा आहे. न्यासाच्या कागदात तो लिहिला जात नाही, म्हणून व्याख्यानात तरी बोलावा.

या संस्थेत १९५१ च्या सुमारास एक परदेशी प्राध्यापक आला. बर्नार्ड पीटर्स त्याचे नाव. हा जन्माने जर्मन. हिटलरशाहीत त्याला डाखाऊच्या छळछावणीत टाकले होते. तेथून सुटून तो अमेरिकेत पोहोचला आणि सान फ्रान्सिस्कोच्या बंदरात गोदी कामगार म्हणून त्याने ओझी वाहिली. पुढे रॉबर्ट ओपेनहायमर यांच्याकडे शिकून तो पदार्थवैज्ञानिक झाला. १९४९ मध्ये त्याच्यावर साम्यवादी असल्याचा संशय घेतला गेला आणि त्याला अमेरिकेत राहणे कठीण झाले. तो मुंबईस आला आणि आठदहा वर्षे येथे राहिला. आकाशातून अखंड बरसणाऱ्या विश्वकिरणांचा अभ्यास हा त्याचा विषय. त्याच्या हाताखाली शिकला तो वाराणसीचा देवेंद्र लाल. तो १९४९ मध्ये संस्थेत उमेदवार म्हणून आला आणि पुढे मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवून जगन्मान्य झाला. विश्वकिरणांच्या माऱ्याने दगडात, पाण्यात, हवेत जी किरणोत्सर्गी द्रव्ये तयार होतात त्यांवरून काळ मोजण्याची पद्धती या गुरुशिष्यांनी घडविली.

‘उमेदवार’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. यंत्रशाळेत पोरगा कामाला लागतो तेव्हा पहिली काही वर्षे तो उमेदवारी करतो. उस्तादाच्या शेजारी उभा राहून हात कसा चालतो ते पाहतो, चुकतो, बोलणी खातो, आणि एके दिवशी त्याचा हात बसतो. पीएच. डी. म्हणजे याहून निराळे काही नाही. पुस्तकातले शिक्षण पदवीबरोबर संपते. संशोधनाचे शिक्षण हातातून हातात जाते.

याचे एक साधे उदाहरण घ्या. दगडाची परीक्षा करावयाची तर प्रथम त्याची चकती कापतात, ती काचेवर चिकटवितात आणि घासत घासत तिची जाडी मिलिमीटरच्या तीनशतांश भागाइतकी आणतात. मग काळ्याकुट्ट कातळातूनही प्रकाश आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले फेल्डस्पारचे सळईसारखे कण, पायरॉक्सीन, ऑलिविन रंगीबेरंगी दिसू लागतात. जरा जास्त घासले तर पापुद्रा उडून जातो. कमी घासले तर काही दिसत नाही. हे घासणे जो तंत्रज्ञ करतो त्याची बोटे निबंधाच्या शब्दांइतकीच मोलाची असतात. पाथरवटाची छिन्नी आणि ही चकती यांत अंतर आहे ते बारकाईचे. जात एकच.

अपोलो मोहिमांनी १९६९ पासून चंद्राचे दगड पृथ्वीवर आणले. त्यांतले नमुने लाल आणि नरेंद्र भांडारी यांच्या मंडळींकडे मुंबईस आले आणि १९७१ मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. यांची युक्ती अशी. चंद्रावर हवेचे पांघरूण नाही, त्यामुळे विश्वकिरणांतले जड कण थेट खनिजात घुसतात आणि केसाहून बारीक जखम करून ठेवतात. तो कण विशिष्ट रसायनात बुडविला की जखम रुंदावते आणि सूक्ष्मदर्शकात रेघ दिसते. रेघा मोजल्या की तो कण चंद्राच्या उघड्या पृष्ठावर किती लाख वर्षे पडून होता, हे काढता येते. युक्ती सांगावयास दोन वाक्ये पुरतात. करावयास मात्र सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दिवसामागून दिवस रेघा मोजणारी माणसे लागतात. ते तरुण उमेदवारांचेच काम.

१९७२ मध्ये लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. विक्रम साराभाईंनी १९४७ मध्ये काढलेली ही संस्था. मुंबईचे काही सहकारी तिकडे गेले आणि ग्रहद्रव्यांच्या अभ्यासाचे भारतातले मोठे केंद्र तेथे झाले. आसामातल्या जोरहाटचा जितेंद्रनाथ गोस्वामी हा तरुण याच परंपरेत घडला, आणि २००८ च्या २२ ऑक्टोबरला चांद्रयान-१ उडाले तेव्हा तो त्या मोहिमेचा प्रमुख वैज्ञानिक होता. गोदी कामगार पीटर्स, त्याचा शिष्य लाल, लालांच्या परंपरेतला गोस्वामी, अशी ही उमेदवारीची साखळी. २०२३ च्या २३ ऑगस्टला चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. त्याच्या गाडीवर मातीतली मूलद्रव्ये ओळखणारे जे यंत्र होते ते अहमदाबादच्याच प्रयोगशाळेने बनविलेले. त्याने २३ ठिकाणी माती तपासली. संतोष वडवळे व सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये त्याचा अर्थ जगापुढे ठेवला: येथील माती मुख्यत्वे फेल्डस्पारच्या फिकट दगडाची आहे, आणि चंद्र एके काळी वितळलेल्या खडकाचा समुद्र होता या मताला तीतून बळ मिळते. सशाचा काळा भाग बेसाल्टचा. भोवतीचा उजळ भाग या फिकट दगडाचा.

दरवेळी चंद्रावर जावे लागते असेही नाही. २०१२ च्या २२ मे रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला उल्कापात झाला. तिथल्या दगडाच्या तुकड्यांत खरगपूरच्या आय. आय. टी. तील सुजय घोष आणि सहकाऱ्यांना ब्रिजमनाइट हे खनिज सापडले आणि २०२१ मध्ये ते त्यांनी प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या पोटात ६६० किलोमीटरांच्या खाली हेच खनिज सर्वांत अधिक आहे, पण तेथवर कोणाचीही पहार पोहोचत नाही. अंतराळात दोन पाषाणांची टक्कर झाली, क्षणभर तसाच दाब पडला, आणि काटोलच्या शिवारात पृथ्वीच्या अंतरंगाची वानगी येऊन पडली.

अशा संस्था महानगरांतच असाव्या लागतात काय? जपानात तोत्तोरी प्रांतात मिसासा नावाचे गरम पाण्याच्या झऱ्यांचे लहान गाव आहे. आपल्या पालीजवळच्या उन्हेऱ्यासारखे म्हणा. १९३९ मध्ये तेथे झऱ्याच्या पाण्याने रोग्यांवर उपचार करणारी वैद्यकीय शाखा निघाली. त्यातून झऱ्यांचा अभ्यास सुरू झाला. झरे गरम का, हे विचारता विचारता १९८५ मध्ये ती पृथ्वीच्या अंतरंगाच्या अभ्यासाची संस्था झाली, आणि २०१६ पासून ओकायामा विद्यापीठाची ग्रहद्रव्य संस्था म्हणून ती चालते. २०२० च्या डिसेंबरात जपानच्या यानाने र्‍युगू या लघुग्रहावरून जी सुमारे ५.४ ग्रॅम माती आणली, तिच्यातले कण या लहान गावात तपासले गेले आणि त्यांत अमिनो आम्ले मिळाल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले. देशोदेशींचे विद्यार्थी तेथे शिकावयास जातात. गावच्या झऱ्यापासून लघुग्रहापर्यंतची वाट अशी एकेका प्रश्नाने चालत जाता येते.

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही हा सगळा दगड वाहून आणला तो सांगतो. उमेदवाराला पोट असते. संशोधक विद्यार्थ्याला मिळणाऱ्या पैशाला शिष्यवृत्ती म्हणतात. शब्द मोठा सन्मानाचा, पण घरभाडे त्यातूनच जाते. २०१४ पर्यंत केंद्राच्या योजनेतील नव्या संशोधकाला महिना १६,००० रुपये मिळत. त्या वर्षी ते २५,००० झाले. पुढे चार वर्षे महागाई वाढत राहिली आणि आकडा तेथेच राहिला. देशभरचे संशोधक विद्यार्थी फलक घेऊन उभे राहिले, तेव्हा २०१९ च्या जानेवारीत ३१,००० ठरले. २०२३ पासून ३७,००० आहेत. २०२३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानात शिष्यवृत्तीसाठी बसलेली महाराष्ट्राची मुलेमुली पुष्कळांनी पाहिली असतील. कामगार चळवळीत आम्ही थकलेल्या मजुरीसाठी जे तक्ते लिहिले आणि हे विद्यार्थी जे लिहीत होते, त्यांत मजकुराचा फारसा फरक नव्हता. केलेल्या कामाचा मोबदला वेळेवर मिळावा, हीच १८५९ मध्ये घाटातल्या मजुराची मागणी होती.

कोणी म्हणेल, विद्येची आणि मजुरीची तुलना करून तुम्ही विद्येला खाली आणता. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याच्या घरी पैसा आहे तो शिष्यवृत्ती थकली तरी टिकून राहतो. ज्याच्या घरी नाही तो दुसऱ्या वर्षी गाठोडे बांधून परत जातो आणि कोठेतरी नोकरी धरतो. म्हणजे महिन्याच्या महिन्याला न आलेले पैसे हे न दिसणारे कुंपण आहे. हुशारीच्या परीक्षेत निवडलेला मुलगा या कुंपणाशी अडतो, आणि तो अडला याची नोंद कोठेच होत नाही. पीटर्सला गोदीतून प्रयोगशाळेत येता आले, कारण कोणी तरी त्याला आत घेतले आणि उभे राहू दिले. ते दार त्या दिवशी बंद असते, तर लालांचा गुरू मुंबईला आला नसता.

कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याशी दगडाच्या खाणी आहेत. तेथे खडी फोडणाऱ्यांची, वाड्यापाड्यांवरच्या ठाकूर-कातकऱ्यांची मुले आज शाळेत जातात. त्यांच्याइतका हा कातळ कोण ओळखतो? कोणत्या थराला घण लागला की तो कसा वाजतो, कोठल्या दगडात स्फटिकाची पोकळी निघेल, हे त्यांना घरातच कळते. नेरळच्या नावाचा थर प्रयोगशाळेत ओळखण्याची विद्या त्यांतल्या एखाद्या मुलीपर्यंत पोहोचावयाची, तर मधल्या पायऱ्या आपण बांधावयाच्या आहेत. तालुक्याच्या शाळेत चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक हवा. महाविद्यालयात भूशास्त्र शिकण्याची सोय हवी. घाटाच्या एका सहलीत मुलांना थर दाखविणारा शिक्षक हवा. आणि पुढे ती मुलगी मुंबईस, अहमदाबादेस किंवा मिसासाला गेली तर तिची शिष्यवृत्ती महिन्याच्या महिन्याला तिच्या हातात पडली पाहिजे. या चार गोष्टींतली एकही चंद्रावर जाण्याइतकी अवघड नाही. पहिल्या तीन आपल्या ग्रामपंचायतींच्या, नगरपरिषदांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या आवाक्यातल्या आहेत; चौथीसाठी विद्यार्थ्यांबरोबर आपणही उभे राहिले पाहिजे. घाटातल्या स्फटिकांच्या चिठ्ठीवर आपल्या माणसांची नावे लागली नाहीत. पुढच्या चिठ्ठ्या अजून लिहावयाच्या आहेत.